कवड्यांची माळ

वाचनभाग : प्रेषितांची कृत्ये १९:८-४१

ह्या लेखात मी एका कवड्यांच्या माळेविषयी लिहिणार आहे. ती माळ आता नाही. ती नाहीशी होण्यास मीच कारण झालो. त्या वेळी मी प्रभूची सेवा केली असे मला वाटले होते. आज तसे वाटत नाही. आपल्या मंडळ्यांतून शब्बाथशाळा चालविणाऱ्या बंधुभगिनींना ह्या गोष्टीचा काही उपयोग होईल, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहितो.

आमची मराठी मंडळी हैदराबादेत आहे. आमच्यातील बहुतेक घराणी मूळची मराठवाड्यातील. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. नांदेड, बीड, परभणी, उस्मानाबाद इकडच्या माणसाला पोट भरण्यासाठी 'शहरात' जायचे म्हणजे पुष्कळदा हैदराबादेसच यायचे असे. अशी आलेली माणसे काचीगुडा, सुलतान बाजार ह्या बाजूंस राहिली आणि त्यांच्याबरोबर त्यांची कुलदैवतेही आली. उस्मानाबाद जिल्ह्याला आता धाराशिव म्हणतात. त्याच जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात तुळजापूर आहे, आणि तुळजाभवानी ही त्या मुलखातील असंख्य घरांची कुलस्वामिनी आहे.

माझ्या वर्गात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी येत असे. तिच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला होता. आजी मात्र भवानीची भक्त होती व तशीच राहिली होती. एका रविवारी मी दहा आज्ञा शिकवीत होतो. दुसऱ्या आज्ञेवर आलो तेव्हा त्या मुलीने पिशवीतून कवड्यांची माळ काढली आणि विचारले, "सर, ही आमच्या आजीची आहे. हिला मूर्ती म्हणायचं का?"

मुलीचा प्रश्न प्रामाणिक होता. मी त्याचे उत्तर दिले नाही. मी प्रवचन केले. अशी वस्तू घरात असणे हेच पाप आहे असे मी म्हणालो, आणि तिला ती माळ दाराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकावयास लावली. दोन-तीन मुलांनी टाळ्या वाजविल्या. ती मुलगी काही न बोलता जागेवर येऊन बसली. सोमवारी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली.

पुढच्या रविवारी मुलगी आली नाही, आजी आली. उपासना सुटेपर्यंत ती फाटकाजवळ उभी होती. मी बाहेर येताच ती म्हणाली, "मास्तर, ती माळ पोरीची नव्हती. माजी होती. माज्या सासूची होती. पोराला किरिस्ताव व्हताना मी आडवलं न्हाई. मग माज्या गळ्यातलं काढाया तुमाला कुनी सांगितलं?"

तिने आवाज चढविला नाही, आणि मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री मी आज्ञांचा तोच अध्याय पुन्हा उघडला आणि माझ्या ध्यानात आले की, दुसरी आज्ञा शिकविताना मी आठवी मोडली होती. दुसऱ्याची वस्तू मी तिच्या मालकिणीला न विचारता, एका लेकराच्या हातून, नाहीशी करविली होती. वडीलधाऱ्यांचा मान राखण्याविषयीची पाचवी आज्ञाही त्या लेकराकडून मीच मोडविली होती.

ही माळ म्हणजे काय, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या आजी-पणजींच्या गळ्यात ती होती. कवडी हे समुद्रातील एका लहान गोगलगाईचे कवच. मालदीव बेटांकडून ती शेकडो वर्षे आपल्या देशात येत राहिली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत चिल्लर नाणे म्हणून चालली. 'कवडीमोल', 'फुटकी कवडी' हे आपले शब्द त्या व्यवहारातले आहेत. कवडीच्या फुगीर पाठीला भोक पाडून त्या दोऱ्यात ओवतात आणि भवानीचा भक्त ती माळ गळ्यात घालतो. देवीची गाणी गात फिरणारे भुत्ये आणि नवरात्रात सेवा करणारे आराधी ह्यांची ती खूण आहे. मंगळवारी व शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागावयाचा, तोही ही माळ घालून. बाजारात जिला किंमत उरली नाही ती कवडी भक्ताने देवीची म्हणून गळ्यात बांधली. त्या आजीची माळ तिच्या सासूने तुळजापुराहून आणलेली होती. सुनेला सासूकडून सोने मिळाले नाही, ही माळ मिळाली.

येथे एक भेद केला पाहिजे. कवड्यांची माळ ही जप मोजण्यासाठी नसते. ती 'मी देवीची' असे सांगते. जपाची माळ वेगळी. तिच्यात १०८ मणी असतात, दोन मण्यांच्या मध्ये गाठ असते, आणि एक मोठा मणी असतो त्याला मेरू म्हणतात. जप करणारा मेरू ओलांडीत नाही, तेथून माळ उलट फिरवितो. तर्जनी मण्याला लावीत नाहीत. पुष्कळ जण माळ गोमुखीत झाकून ठेवितात, म्हणजे आपला जप दुसऱ्यास दिसू नये. विष्णूच्या भक्ताला तुळशीचे मणी, शिवाच्या भक्ताला रुद्राक्ष, आणि देवीच्या जपाला रक्तचंदन, पोवळे किंवा स्फटिक, अशी साधारण रीत आहे.

आमच्या शहरात तर माळांचे प्रदर्शनच भरलेले असते. चारमिनाराच्या आसपास मुसलमान बांधवांची तस्बीह मिळते, ३३ किंवा ९९ मण्यांची. सिकंदराबादेत सेंट मेरी चर्चमध्ये रोमन कॅथलिक बहिणी रोझरी घेऊन गुडघे टेकतात. तिच्यात दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. ऑर्थोडॉक्स मंडळीचे साधू लोकरीच्या दोरीला गाठी मारून त्यांवर येशूचे नाव घेतात. इंग्रजीत मण्याला जो 'बीड' शब्द आहे त्याचा मूळ अर्थच प्रार्थना असा होता. एवढ्या निरनिराळ्या लोकांना बोटांत काही तरी धरून प्रार्थना करावीशी वाटते, ह्याचे कारण सरळ आहे. माणसाचे मन भटकते, आणि ते भटकू नये म्हणून तो बोटांना काम देतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. आपण एका सत्य देवाला मानतो. मग आपल्या शेजाऱ्याच्या, किंवा आपल्याच घरातील माणसाच्या हातात देवीची माळ दिसली, तर आपण कसे वागावे? काही जण म्हणतात, सत्य ते सत्य, त्यात भीड कशाला? काही म्हणतात, सर्व देव सारखेच, आपण कशाला बोलावे? मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, आणि त्याचे कारण पौलाच्या चरित्रात सापडते.

इफिस हे अर्तमी देवीचे शहर होते. तिचे मंदिर जगातील आश्चर्यांत गणले जाई. तेथील सोनार देवीचे चांदीचे देव्हारे बनवीत आणि त्यावर त्यांची पोटे चालत. पौल तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. देमेत्रिय नावाच्या सोनाराने त्याच्याविरुद्ध तक्रार केली ती खोटी नव्हती. हातांनी केलेले देव हे देव नव्हेत, असे पौल खरोखरच सांगत होता. म्हणजे पौलाने सत्य लपविले नाही. परंतु दंगल शमविताना नगराच्या चिटणिसाने काय सांगितले ते पाहा. ही माणसे देवळे लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत, अशा अर्थाची साक्ष त्याने भर सभेत दिली (वचन ३७). तो चिटणीस ख्रिस्ती नव्हता, आणि जमावाला शांत करणे हाच त्याचा हेतू होता. तरीही एवढ्या खवळलेल्या जमावात त्याला खोटे पाडणारा एकही मनुष्य उभा राहिला नाही. दोन वर्षांत पौलाने सत्य सांगितले, पण कोणाच्या देव्हाऱ्याला हात लावला नाही.

माझ्याविषयी त्या आजीच्या गल्लीत कोणाला अशी साक्ष देता आली असती काय? मी तर तिच्या देव्हाऱ्यातील वस्तू घालविली होती. चिटणिसाच्या शब्दांत सांगावयाचे तर मी देऊळ लुटणाऱ्यांतच जमा होतो.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. इफिसात जादूटोणा करणाऱ्या पुष्कळांनी आपली पुस्तके आणून सर्वांसमक्ष जाळली. त्यांची किंमत पन्नास हजार रुपये भरली असे लिहिले आहे. ही पुस्तके कोणी जाळली? ज्यांची होती त्यांनी. पौलाने घरोघर झडती घेतली नाही, मुलांना आईबापांची पुस्तके चोरून आणावयास सांगितले नाही. ज्याच्या हातात वस्तू आहे त्यानेच ती खाली ठेविली, तरच ती खरी खाली ठेविली जाते. दुसऱ्याने हिसकावली तर हात रिकामा होतो, मन होत नाही.

येथे कोणी विचारतील की गिदोनाचे काय? त्याने आपल्या बापाची बआलाची वेदी मोडली नाही काय? हिज्कियाने मोशेचा पितळी साप फोडला नाही काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि मी स्वतः पुष्कळ दिवस त्याचाच आधार घेत होतो. परंतु गिदोनाला देवाची स्पष्ट आज्ञा झाली होती. हिज्किया हा राजा होता आणि त्याने देवाच्याच लोकांतील मूर्तिपूजा बंद केली. आपल्या मंडळीत अशी एखादी वस्तू शिरली तर वडीलवर्गाने ती दूर करावी, ह्यात वाद नाही. मला मात्र त्या रविवारी कोणतीच आज्ञा झाली नव्हती. वर्गासमोर आपण खंबीर दिसावे एवढेच मला वाटत होते. आणि गिदोनाने स्वतःचा जीव धोक्यात घातला, मी एका लहान मुलीला पुढे केले.

तर मग देवीच्या नावाने जे जे चालते ते सर्व आपण मुकाट्याने पाहावे काय? नाही. इफिसाच्या आधी फिलिप्पै आहे (प्रे. कृ. १६). तेथे एका दासीच्या अंगात येत असे, ती भविष्य सांगे, आणि तिच्या धन्यांना त्यातून पुष्कळ मिळकत होई. पौलाने तिला त्यातून सोडविले आणि त्यासाठी फटके खाल्ले, तुरुंगात गेला. इफिसात तो देवीविषयी मर्यादेने वागला. फिलिप्पैत माणूस बांधलेले होते, तेथे तो थांबला नाही.

आपल्या मुलखातही अशी माळ आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडताना त्यांच्या गळ्यात लाल-पांढरे मणी बांधीत. देवदासी, जोगतीण, आणि आमच्या तेलंगणात जोगिनी, अशी त्यांची नावे. गरीब, विशेषतः दलित घरांतील मुली ह्या मण्यांनी बांधल्या गेल्या, त्यांचे लग्न होऊ शकले नाही, आणि गावातील बलवानांनी त्यांचा उपभोग घेतला. ह्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली, मद्रासेत १९४७ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि आंध्र प्रदेशात १९८८ साली कायदे झाले. मद्रासच्या कायद्यामागे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी ह्यांचे अनेक वर्षांचे श्रम होते. ह्या कामात आपल्याआधी पुष्कळ हिंदू बंधुभगिनी झटल्या आहेत, हे आपण नम्रपणे कबूल केले पाहिजे. असे मणी एखाद्या मुलीच्या गळ्यात बांधले जात असतील तर तेथे भीड धरणे हे पाप आहे.

ह्यावरून मला एक कसोटी सापडली. ह्या माळेने कोणी दुसरा बांधला जात आहे काय? तसे असेल तर त्याला सोडविण्यासाठी पुढे व्हावे. परंतु एखादी म्हातारी आपल्या मनाने आपली माळ गळ्यात घालीत असेल, तर तिला सत्य सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, माळ काढण्याचा नाही.

मी पाळकसाहेबांचा सल्ला घेऊन तिच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तिने चहा दिला. क्षमा केली असे ती म्हणाली नाही. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तिने सहज विचारले, "मास्तर, तुमी दिवसातून किती येळा नाव घेता देवाचं?" मी म्हणालो, आम्ही मोजत नाही. ती म्हणाली, "मोजू नका. पन घेता का?"

ह्या प्रश्नाने मला फार दिवस छळले. मत्तय ६:७ दाखवून आपण म्हणतो की प्रभूने व्यर्थ बडबड करण्यास मनाई केली आहे, म्हणून आम्ही जप करीत नाही. हे खरे आहे. परंतु प्रभूने तेथे पुष्कळ बोलण्याने देव ऐकेल ह्या समजुतीला दोष दिला आहे. तेच शब्द पुन्हा उच्चारणे हा दोष नव्हे. गेथशेमानेत प्रभूने स्वतः तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय २६:४४). १३६ व्या स्तोत्रात देवाच्या दयेचे एकच धृपद २६ वेळा येते. मार्टिन ल्यूथरने १५३५ साली आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात तो खेदाने म्हणतो की प्रभूची प्रार्थना हीच पृथ्वीवरील सर्वांत मोठी हुतात्मा आहे, कारण जो तो तिचे हाल करतो. हे त्याने केवळ माळ ओढणाऱ्यांसाठी लिहिलेले नाही. दर रविवारी आपण 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतो, तेव्हा आपले मन कोठे असते? आपण मणी टाकून दिले, पण मोजणे टाकले काय? हजेरीचे तारे, पाठ केलेली वचने, वर्गणीची यादी, हे सर्व आपण मोजतोच.

तर मग ख्रिस्ती माणसाने माळ घेऊन प्रार्थना करावी काय? अमेरिकेतील एपिस्कोपल मंडळीत १९८० च्या दशकात ३३ मण्यांची एक माळ निघाली आणि काही प्रॉटेस्टंट लोक ती वापरतात. मी त्यांना दोष देत नाही. मणी हा मणीच आहे. परंतु पौलाने मूर्तीच्या नैवेद्याविषयी करिंथकरांस जे लिहिले ते आपण विसरू नये (१ करिंथ. ८). मूर्ती काहीच नाही हे ज्ञान खरे, तरी ज्याची सवय नुकतीच सुटली आहे अशा दुर्बळ भावाला त्या ज्ञानाने ठेच लागू नये. आपल्या मराठी मंडळ्यांत पुष्कळांनी, किंवा त्यांच्या आईबापांनी, मोठी किंमत देऊन माळ उतरविली आहे. त्यांच्यासमोर मी माळ घेणार नाही. आणि कवड्यांची माळ तर 'मी देवीची' असे सांगते, म्हणून ख्रिस्ताचा झालेल्याला ती घालता येणार नाही. पण ती त्याने स्वतः उतरवावी. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा झाला तो त्यानंतर काही वर्षांनी, त्यांच्या स्वतःच्या मनाला पटले तेव्हा. त्या वाट पाहण्याने टिळकांची साक्ष कमी झाली असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना मी तीन गोष्टी सुचवितो. पहिली, मुलांना त्यांच्या घरच्या माणसांविरुद्ध कधी उभे करू नका. मुलाला जे सांगावयाचे ते घरच्यांसमोर सांगता येईल असेच असावे. दुसरी, ज्या वस्तूविषयी बोलावयाचे तिची माहिती करून घ्या. न समजलेल्या गोष्टीची थट्टा करणे ही खोटी साक्ष देण्याच्या जवळची गोष्ट आहे. तिसरी, दुसऱ्याच्या प्रार्थनेतील दोष शिकविण्याआधी आपली प्रार्थना किती खरी आहे ते पाहा.

आजीने पुढच्या नवरात्रात तुळजापुराहून नवी माळ आणविली. ती आजही भवानीचीच भक्त आहे, आणि मी तिच्यासाठी नाव घेऊन रोज प्रार्थना करतो. मुलगी तीन महिन्यांनी वर्गात परत आली. तिला आजीनेच पाठविले होते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे राहिले होते, ते मी उशिरा दिले. मी तिला म्हणालो, "बाळ, देव एकच आहे, आणि तो कोणत्याही माळेत नाही. पण ती माळ आजीची होती. त्या दिवशी मी तुला म्हणायला हवं होतं की ती नीट घरी घेऊन जा, आणि जिथून उचललीस तिथं ठेव. माझं चुकलं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "हे मी आजीला सांगू?"

मी म्हणालो, सांग.

सत्य न लपविता आणि कोणाचेही न लुटता आपण ह्या शहरात राहावे, असे प्रभू आपणां सर्वांस शिकवो. आमेन.